गुरुवारची फेरी

"घर चांगलं आहे, जरूर घ्या. फक्त घ्यायच्या आधी माझ्या बाथरूमचं छत बघून जा."

दुसऱ्या मजल्यावरच्या दारात चंद्रात्रे सर उभे होते. अर्ध्या बाह्यांचा बनियन, इस्त्रीचा पायजमा, उजव्या कानामागे पेन्सिल. माझ्यापुढे दोन पायऱ्या उतरलेले तुषार आणि स्मिता दोंदे थांबले. पाच मिनिटांपूर्वी तिसऱ्या मजल्यावर स्मिता ओट्यापाशी उभी राहून "फ्रिज इथं," असं हाताने दाखवत होती. घर बघायला आलेलं माणूस फ्रिजची जागा ठरवायला लागलं की ते मनाने राहायला आलंच, असं मंदाताई म्हणायच्या.

"कसलं छत?" तुषारने विचारलं.

"या ना. चपला राहू द्या पायात."

मी मध्ये पडायचा प्रयत्न केला. "सर, त्यांना उशीर होतोय."

"घर जन्मभरासाठी घ्यायचंय आणि पाच मिनिटं उशीर होतोय?"

आम्ही चौघे त्यांच्या बाथरूममध्ये माना वर करून उभे राहिलो. बाहेरच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात, छतावर परातीएवढा डाग होता. रंग फुगून सुटलेला, कडेला लोणा लागलेला. पण माझं लक्ष डागापेक्षा त्याच्याभोवतीच्या रेघांकडे गेलं. पेन्सिलच्या बारीक, सफाईदार रेघा, एकीबाहेर एक, नकाशात डोंगराच्या उंचीच्या असतात तशा. प्रत्येक रेघेला सुरेख अक्षरात तारीख. सर चाळीस वर्षं चित्रकलेचे शिक्षक होते.

"तीन वर्षं सांगतोय," सर म्हणाले. "वरचे वडनेरे म्हणतात, आमचं बाथरूम कोरडं ठणठणीत आहे. मग वरून काय, देव रडतात?"

खाली गेटपाशी तुषारने मला हात जोडले. "मॅडम, घर आवडलं. पण भांडण विकत घ्यायचं नाही आम्हाला."

ही फेब्रुवारी २०१८ मधली गोष्ट. मी, शाल्मली गायधनी, बी.एस्सी. फिजिक्स, नाशिकमध्ये मंदाकिनी हिंगमिरे, म्हणजे मंदाताई, यांच्या एस्टेट एजन्सीत सात महिन्यांपासून काम करत होते. काम करत होते म्हणण्यापेक्षा जात होते म्हणणं जास्त अचूक होईल, कारण त्या सात महिन्यांत आमच्या हातून एकही घर विकलं गेलं नव्हतं. ऑफिस म्हणजे एका शटरचा गाळा, दोन टेबलं आणि भिंतीवर चाव्यांचा बोर्ड. विकायला ठेवलेल्या बंद घरांच्या चाव्या मालक आमच्याकडे देऊन जात. मी लागले तेव्हा बोर्डवर अकरा चाव्या होत्या. त्या दिवशी सव्वीस होत्या. बाजाराची स्थिती कळायला मला पेपर वाचावा लागत नसे. गिऱ्हाईक यायचं, घर बघायचं, "अजून किती उतरेल?" विचारायचं आणि उतरायची वाट बघायला घरी जायचं. शेजारचा एजंट दिवाळीतच शटर ओढून गेला. त्या गाळ्यात आता मोमो मिळत.

"गेले?" मी आत शिरताच मंदाताईंनी विचारलं.

"गेले."

"चंद्रात्रे?"

"हो. आज पेन्सिल कानामागे होती. तयारीतच होते."

मंदाताई हसल्या नाहीत. टेबलासमोरच्या खुर्चीत वडनेरे काकू बसल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरचं ते घर त्यांचं.

काकू मोठ्याने कधी बोलत नसत. त्यांचे यजमान एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. दीड वर्षापूर्वी त्यांना पक्षाघात झाला. चौघांनी खुर्चीत बसवून तीन मजले खाली आणलं, ते परत वर गेलेच नाहीत, कारण इमारतीला लिफ्ट नाही. तेव्हापासून दोघं काकूंच्या भावाच्या पुढच्या खोलीत राहत होते.

"भाऊ काही बोलत नाही हो," काकू म्हणाल्या. "पण त्याच्याकडे मोरीत उतरायला दोन पायऱ्या आहेत. यांना दर वेळी कुणीतरी धरावं लागतं. रात्री उठायचं म्हटलं तर हे मला हाक मारत नाहीत, तसेच पडून राहतात. लाजतात."

पाथर्डी फाट्याजवळ तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा त्यांनी बघून ठेवली होती. खोलीपासून मोरीपर्यंत फरशी सपाट. काकांनी काठी टेकत, कुणालाही न धरता, तिथपर्यंत जाऊन दाखवलं होतं. त्या मालकिणीने पाडव्यापर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. त्यानंतर नाही.

"दोंदे नाही म्हणाले?" काकूंनी मला विचारलं.

"विचार करतो म्हणालेत," मी खोटं बोलले.

गुरुवारी आमची चाव्यांची फेरी असायची. बंद घर आपोआप बिघडतं. मोरीच्या जाळीखाली वाडग्यासारख्या भागात थोडं पाणी साठून असतं, आणि तेच पाणी गटाराचा वास अन् झुरळं अडवून धरतं. घर वापरात नसलं की ते पाणी उडून जातं आणि दार उघडताच भपकारा येतो. गिऱ्हाईक उंबऱ्यातूनच मागे फिरतं. म्हणून दर गुरुवारी प्रत्येक घरात जायचं, खिडक्या उघडायच्या, सगळे नळ थोडा वेळ सोडायचे, प्रत्येक जाळीत मगभर पाणी ओतायचं. मालकांकडून याचं काही घ्यायचं नाही. मंदाताई म्हणायच्या, "बंद घराला हवा लागते."

मला हे काम आवडे. मी एका काडीवर खुणा करून जाळीखालचं पाणी मोजायला सुरुवात केली होती. सहा आठवडे मोजल्यावर माझ्या लक्षात आलं की पाणी दिवसाला दीड मिलिमीटरच्या आसपास उतरतं. म्हणजे महिनाभर सहज पुरतं. मी हे मंदाताईंना मोठ्या उत्साहाने सांगितलं होतं.

"ताई, दर आठवड्याला जायची गरजच नाही. महिन्यातून एकदा पुरे."

"दर गुरुवारी जायचं," त्या म्हणाल्या.

"पण आकडे—"

"आकडे राहू देत. दर गुरुवारी."

इतक्या हिशेबी बाईने एवढ्या सरळ गोष्टीत हट्ट का करावा, हे मला कळलं नाही. मग मी माझ्या परीने सुधारणा केली. प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी भरून तोंड बांधायचं आणि ती जाळीवर ठेवायची. पिशवी जाळीच्या आकाराप्रमाणे बसते, हवा लागत नाही, पाणी उडत नाही. मला माझ्या पिशव्यांचा अभिमान होता.

दोंदे गेले त्याच आठवड्यातल्या गुरुवारी, बावीस तारखेला, मी संध्याकाळी सहाला वडनेऱ्यांचं घर उघडलं. त्या सोसायटीत पाणी दोनदाच यायचं, सकाळी सात ते आठ आणि संध्याकाळी सहा ते सात. म्हणून फेरीत हे घर मी सहाच्या वेळेला ठेवत असे. स्वयंपाकघरातला नळ सोडला, पाणी नाही. बंद केला. बाथरूममधला नळ अर्धा फिरवला, तिथेही नाही. तेवढ्यात मोबाइल वाजला. वडनेरे काकू.

"शाल्मली, दोंद्यांनी विचार केला का गं?"

मी तिथे, त्यांच्याच बाथरूममध्ये, त्यांना खरं सांगितलं. की ते नको म्हणालेत. चंद्रात्रे सरांनी छत दाखवलं म्हणून. काकू म्हणाल्या, "तू काय करणार बाळ त्याला." मी फोन खांद्याने कानाशी दाबून बाटलीतलं पाणी जाळीत ओतलं, त्यावर पिशवी नीट बसवली, आणि कुलूप लावून निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी दात घासायला आमच्याकडचा नळ फिरवला. फस्स आवाज आला.

"पाणी गेलंय, नळ बंद कर आधी!" आई आतून ओरडली. "मागच्यासारखं विसरशील आणि घराचं तळं होईल."

माझा हात तसाच राहिला. मग मी स्कूटीची किल्ली घेऊन धावले.

बाथरूमचं दार उघडलं. नळ उघडाच होता. आता त्यातून काही येत नव्हतं, पण रात्री आलं होतं. येताना खाली वॉचमनने सांगितलं होतं, काल टाकी धुतली म्हणून पाणी साडेसातला सोडलं, तासभर. जाळीवर माझी पिशवी घट्ट बसलेली. उंबरठ्याच्या आत पाणी भरलं होतं, स्थिर, स्वच्छ, वरच्या काठाला दोन बोटं कमी. एक थेंबही बाहेर सांडला नव्हता.

मी आधी नळ बंद केला. मग, सवय म्हणून, पर्समधली पट्टी काढून मोजलं. दाराशी सात सेंटिमीटर, जाळीपाशी नऊ. दीडशे लिटरच्या वरच. रात्रभर. आणि बरोबर खाली चंद्रात्रे सरांचं बाथरूम.

सहा चाळीस झाले होते. इमारत अजून उठत होती. पिशवी उचलली असती तर दोन-तीन मिनिटांत सगळं पाणी गेलं असतं. फरशी पुसायलाही लागली नसती. मी सलवार गुडघ्यापर्यंत घेऊन पाण्यात उतरले, वाकले, पिशवीची गाठ धरली.

आणि थांबले. त्या वेळी माझ्यातला प्रामाणिकपणा वगैरे जागा झाला नव्हता. मला फक्त एक गोष्ट जाणून घ्यायची होती. तीन वर्षं जो माणूस म्हणत होता की या बाथरूमचं पाणी खाली उतरतं, त्याच्या डोक्यावर अकरा तास पाणी उभं होतं, आणि तरीही तो आरडाओरडा करत जिना चढून आला नव्हता. का? हे कळायला एकच मार्ग होता. खाली जाऊन बेल वाजवायची. आणि बेल वाजवली की सगळं सांगावं लागणार होतं.

मी पिशवी सोडली.

"इतक्या सकाळी?" सरांच्या खांद्यावर टॉवेल होता.

"सर, तुमच्या बाथरूमचं छत बघायचंय."

"आता तूच गिऱ्हाइकं आणलीस का दाखवायला? मला आंघोळ करायचीय."

"काल माझ्याकडून वरचा नळ उघडा राहिला. जाळीपण बंद होती. रात्रभर वर पाणी साचलंय. अजून आहे."

त्यांच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही. मग कानांपासून लाली चढत गेली. "म्हणजे रात्रभर मी तळ्याखाली झोपलो होतो? अगं, अक्कल कुठं गहाण टाकलीस? हिंगमिरे बाईंना सांगतो. सोसायटीला लिहून देतो!" बोलता बोलता ते बाथरूमकडे चालले होते. मी मागे. त्यांनी दिवा लावला, स्टूल ओढलं, माझा हात झिडकारून स्वतः चढले आणि डागावर तळवा ठेवला.

तळवा त्यांनी बराच वेळ काढला नाही. मग बोटं एकमेकांवर घासून बघितली. पांढरी पूड खाली पडली.

"कोरडं आहे," ते म्हणाले. आवाजात राग होता, पण तो आता माझ्यावर नव्हता. कुणावर करावा हे त्यांना ठरवता येत नव्हतं. "थांब. हुरळून जाऊ नकोस. ओल उतरायला वेळ लागतो."

"बरोबर आहे सर. किती वेळ?"

"मला काय विचारतेस? सायन्स तू शिकलीस."

"नवीन गच्चीवर पाणी कोंडून बघतात तेव्हा अठ्ठेचाळीस तास ठेवतात."

सर स्टुलावरून उतरले. कानामागे हात गेला, पण पेन्सिल अजून तिथे नव्हती. ती आतून घेऊन आले, परत चढले आणि सगळ्यांत बाहेरच्या रेघेपाशी लिहिलं: २३ फेब्रु., सकाळी ६.५५, बदल नाही.

"अठ्ठेचाळीस तास," ते म्हणाले. "एक थेंब काढायचा नाही. मी दर तीन तासांनी बघणार."

मंदाताई आठला आल्या. मी फोनवर सगळं सांगितलं होतं. त्या वडनेऱ्यांच्या बाथरूमच्या दारात उभ्या राहिल्या आणि पाण्यात स्वतःकडे बघत राहिल्या.

"अगं वेडे, पिशवी काढायची ना. कुणाला कळलं नसतं."

"काढणार होते."

"मग?"

"खाली ओल आली का ते बघायचं होतं."

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. "पंचवीस वर्षं या धंद्यात आहे मी," त्या म्हणाल्या. "मी काढली असती." जरा थांबून म्हणाल्या, "आता घर कुणाचं आहे? त्यांना विचारलंस का, पाणी ठेवू का म्हणून? मी नाही फोन करणार. तू कर."

काकूंना मी एका दमात सांगितलं. नळ, पिशवी, पाणी, चंद्रात्रे, सगळं. मग काकू म्हणाल्या, "यांना देते." मी काकांशी कधी बोलले नव्हते. त्यांचे शब्द एकेक करून, ओढत येत.

"खाली... कोरडं?"

"हो काका. आत्तापर्यंत तरी."

"मी... सांगत होतो." श्वास. "ठेव. भरून ठेव."

शुक्रवार आणि शनिवार मी त्या घरातच काढले. पाण्याशेजारी, उंबरठ्यावर, एका थाळीत पाणी घालून ठेवलं. बाथरूममधलं पाणी कमी झालंच तर ते फरशीतून उतरलं की हवेत उडालं, हे थाळीवरून कळणार होतं. सर दर तीन तासांनी खालून जिन्यात येऊन ओरडत, "बदल नाही!" मी वरून माझे आकडे सांगे. शनिवारी दुपारी ते चहाचे दोन कप घेऊन वर आले आणि थाळीकडे बघून विचारलं, "हे काय, चिमण्यांना?" मी समजावून सांगितलं. त्यांनी दोनदा ऐकून घेतलं.

"हे शाळेत कुणी मला असं सांगितलं असतं," ते म्हणाले, "तर मी चित्रं काढत बसलो नसतो."

"चित्रं काढली म्हणून तर तारखा आहेत, सर."

त्यांनी दुसरा कपही मलाच दिला.

रविवारी सकाळी आठ वाजता, पाणी साचून साठ तास झाले होते. बाथरूममधली पातळी चार मिलिमीटर उतरली होती. थाळीतलीही चार. खालच्या डागाजवळ सरांच्या अक्षरात 'बदल नाही' तेरा वेळा लिहिलेलं होतं, रात्रीचे तास सोडून. मंदाताईही आल्या होत्या.

"मग माझी ओल कुठली?" सरांनी विचारलं. प्रश्न हरलेल्या माणसाचा होता. तीन वर्षं ते वडनेऱ्यांशी भांडणापलीकडे बोलले नव्हते. काकांना खुर्चीतून खाली नेलं त्या दिवशीही त्यांनी दार उघडलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

"सर, तुमच्या तारखा आठवा. कुठल्या महिन्यांतल्या आहेत?"

ते डोळे मिटून आठवायला लागले. "जुलै. ऑगस्ट. सप्टेंबर. परत जुलै..." डोळे उघडले. "पावसाळा."

"बाथरूम तर वडनेरे बाराही महिने वापरत होते. आणि गेल्या पावसाळ्यात घर बंदच होतं."

पायजमा वर खोचून ते त्या पाण्यात उतरले आणि बाथरूमच्या खिडकीतून बाहेर वाकले. मंदाताईंनी मागून त्यांचा बनियन धरला. खाली, सरांच्या खिडकीवर छतालगत असलेल्या छज्ज्यात, छज्जा आणि भिंत जिथे जुळतात त्या सांध्यातून पिंपळाचं हातभर रोप उगवलं होतं. मुळांनी सांधा चांगला अंगठाभर उघडला होता. पावसाचं पाणी छज्ज्यावर साचायचं आणि तिथून सरळ सरांच्या छतात जायचं.

सर बराच वेळ वाकूनच राहिले.

"ओढू का आत?" मंदाताईंनी विचारलं.

"हे मी रोज बघतो," सर आत येत म्हणाले. "माझ्या खिडकीतून याची पानं दिसतात. बरं वाटायचं. वहीत याची सात चित्रं आहेत माझ्या."

आम्ही तिघे घोटाभर पाण्यात उभे होतो. आधी मंदाताईंना हसू आलं, मग मला, आणि शेवटी, तोंडावर हात घेऊन, सरांनाही. मग ते म्हणाले, "सोड आता ते पाणी."

मी पिशवी उचलली.

दोंद्यांना फोन करताना मंदाताईंनी मला बजावलं, "सगळं सांग. नळासकट." मी सांगत होते तेवढ्यात सरांनी फोन माझ्या हातातून घेतला. "दोंदे, मी चंद्रात्रे, खालचा. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. या, आणि परत बघा. छतही बघा, पुरावा ठेवलाय." पलीकडून तुषार म्हणाला, ते मला ऐकू आलं, "म्हणजे सर, तुम्ही घर अडीच दिवस पाण्यात ठेवून बघितलंत? बिल्डरपण करत नाही हो एवढं."

भाव थोडा उतरवून घेऊन त्यांनी ते घर घेतलं. बोर्डवरची एक चावी सात महिन्यांनंतर पहिल्यांदा कमी झाली.

पाडव्याच्या दिवशी पाथर्डी फाट्याजवळच्या घरासमोर काकूंनी गुढी उभारली होती. मी पोहोचले तेव्हा चंद्रात्रे सर आधीच आले होते, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन, दाराच्या बाहेर. आत जायला त्यांना धीर होत नव्हता. काकांनी आतून बघितलं. ते काठी टेकत उठले. काकू हात द्यायला पुढे झाल्या, त्यांना त्यांनी मानेनेच थांबवलं. सपाट फरशीवरून, काठी, पाऊल, काठी, पाऊल, ते दारापर्यंत एकटे आले.

"या... मास्तर," काका म्हणाले. "इथं... वर कुणी नाही."

सरांनी वर्तमानपत्र उलगडलं. आत एक चित्र होतं, पिंपळाच्या रोपाचं. त्यांनी ते आधी माझ्याकडे, मग काकांकडे धरलं. "आठवं. काढून टाकण्याआधी काढलं," ते म्हणाले. काकांनी चित्र घेतलं आणि डाव्या हाताने छातीशी धरलं.

परत निघताना सर माझ्या स्कूटीवर मागे बसले. वाटेत म्हणाले, "तू त्या गुरुवारी आली नसतीस तर हे काही झालं नसतं."

"नळ उघडा ठेवायला?"

"तेही. पण मी फेरीचं म्हणतोय. आधी हिंगमिरे बाई महिन्यातून एकदाच यायच्या, पहिल्या तारखेच्या आसपास. तू लागलीस आणि दर गुरुवार सुरू झाला. मी जिन्यात बघत असतो ना सगळं. म्हटलं, मंदीत हिला एवढं काय काम निघालं?"

मी स्कूटी चालवत राहिले. मला आठवलं, दिवाळीनंतर आईने विचारलं होतं, "विक्री नाही तर ती बाई तुला ठेवते कशाला?" आणि मी उत्तर दिलं होतं, "फेरी असते ना दर आठवड्याला. मी नसले तर ती घरं कोण बघणार?" तेव्हा मला स्वतःलाही तसंच वाटत असे. आणि त्याच बाईला मी आकडे मांडून सिद्ध करून दाखवलं होतं की माझी गरज महिन्यातून एकच दिवस आहे.

आज मी घरं विकत नाही, तपासते. विकत घेणारे लोक मला बोलावतात. मी पाणी कोंडून बघते, भिंतींना यंत्र लावते, कुठली ओल कुठून येते ते सांगते. या कामाला जाताना पर्समध्ये अजून ती पट्टी असते. पण त्या पाडव्याला मी बावीस वर्षांची होते, आणि मला एवढंच सुचलं की तडक ऑफिसात जावं.

सणाचा दिवस, तरी मंदाताई शटर अर्धं उघडून बसल्या होत्या. बोर्डवरच्या चाव्या पुसत होत्या.

"ताई, मी यायच्या आधी फेरी महिन्यातून एकदा असायची?"

त्यांनी वळून बघितलं नाही. "कोण म्हणालं?"

"चंद्रात्रे सर."

"त्यांना सगळ्यालाच तारखा घालायची सवय आहे." एक चावी त्यांनी उजेडात धरली, फुंकर मारली, परत आकड्याला लावली. "बंद घराला हवा लागते."

"ताई..."

"गुरुवारी जरा लवकर निघ. ऊन वाढलंय," त्या म्हणाल्या. "आणि त्या पिशव्या घरी ठेवून ये."